हयातीचा दाखला : वसईचा तह आणि पेन्शनचा इतिहास

नोव्हेंबर महिना लागला की वसईतल्या बँकांच्या शाखांमध्ये एक निराळी रांग दिसू लागते. काठी टेकत आलेले आजोबा, सुनेचा हात धरून आलेल्या आजी, पिशवीत जपून ठेवलेले जुने पासबुक आणि वर्षानुवर्षे घड्या पडून मऊ झालेले कागद. ही रांग पैसे काढण्याची नसते. आपण अजून जिवंत आहोत हे सांगण्याची असते. निवृत्तिवेतनधारकाला दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. नोव्हेंबर २०१४ पासून हे काम बोटाच्या ठशावर करण्याची सोयही झाली आहे.

काही वर्षांपूर्वी वडिलांना घेऊन मी अशाच एका रांगेत उभा होतो. आमच्या पुढे एक वृद्ध बाई होत्या. त्यांना दिवंगत पतीचे कुटुंब-निवृत्तिवेतन मिळत असे. यंत्र त्यांच्या बोटाचा ठसा घेईना. चार वेळा बोट पुसून झाले, दुसऱ्या हाताचे बोट लावून झाले. शेवटी त्या वैतागून म्हणाल्या, "अरे बाबा, मी तुझ्यासमोर उभी आहे की!" खिडकीपलीकडचा तरुण हसला नाही. तो अदबीने म्हणाला, "आजी, मला दिसताय हो. पण ह्याला दिसत नाही." मग त्याने कागदी अर्ज काढला आणि काम झाले.

गोष्ट एवढीच. तपासणी आवश्यक असते हे मान्य करावेच लागेल. मृताच्या नावे पैसे जात राहिले तर ते कोणाच्या तरी खिशातून जातात. तरीही त्या बाईंच्या आवाजातली अजिजी मनातून जाईना. आयुष्यभराच्या कामाचा मोबदला घेताना माणसाचा स्वर मागणाऱ्याचा का होतो? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागल्यावर लक्षात आले की ते शोधायला फार दूर जाण्याची गरज नाही. पेन्शनच्या मराठी इतिहासातले एक महत्त्वाचे पान वसईतच लिहिले गेले आहे.

१

'पेन्शन' हा शब्द मराठीत इंग्रजी राजवटीबरोबर आला. लॅटिनमधील 'तोलणे' या अर्थाच्या धातूपासून तो निघाला आहे; तोलून दिलेले धन ते पेन्शन. पण शब्द नवा असला तरी कल्पना नवी नव्हती. म्हातारपणाची, वैधव्याची, पोरकेपणाची तजवीज प्रत्येक राज्याला या ना त्या रूपाने करावी लागते आणि वसईच्या मातीत अशा तजविजींचे थरावर थर साचले आहेत.

पोर्तुगीजांनी १५३४ मध्ये वसई घेतली. त्यानंतर या परिसरातील गावे त्यांनी आपल्या सरदार-शिपायांना सेवेचे बक्षीस म्हणून लावून दिली. ही गावे कायमची नसत. एका, दोन किंवा तीन हयातींपुरती असत. सेवेच्या बदल्यात रोख पगार न देता एखाद्या गावाचे उत्पन्न हयातभर देणे, हे निवृत्तिवेतनाचेच एक रूप होय. फरक इतकाच की ते पोसले जात असे त्या गावच्या कुळांच्या घामावर. आणि त्या कुळांच्या म्हातारपणाची नोंद कोठेही नव्हती.

मराठ्यांकडे यासाठी वेगळे शब्द होते. विद्वान ब्राह्मणाला वर्षासन, कामगिरी बजावणाऱ्याला इनाम, आश्रिताला नेमणूक. आणि लढाईत कामी आलेल्या शिपायाच्या मुलाबाळांसाठी बालपरवेशी. फार्सीतील 'परवरिश' या शब्दाला 'बाल' जोडून झालेला हा शब्द आज आपण विसरलो आहोत, पण मराठीतील निवृत्तिवेतनविषयक शब्दांमध्ये मला तो सर्वांत करुण आणि सर्वांत प्रांजळ वाटतो. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा मराठ्यांची माणसे हजारोंनी पडली होती. विजयाचा इतिहास आपण शाळेत शिकतो. त्या हजारोंच्या घरी पुढे चूल कशी पेटली असेल हा प्रश्न शाळेत येत नाही. बालपरवेशी हा शब्द त्या प्रश्नाला दिलेले उत्तर आहे. आता राज्य लेकरे सांभाळील, असे तो शब्द म्हणतो. ते उत्तर सर्वांपर्यंत पोहोचत असेल असे मानण्याचे कारण नाही. मात्र मेलेल्या शिपायाचे मागे राहिलेल्यांवर ऋण नसून राज्यावर त्याच्या घरच्यांचे ऋण आहे, ही जाणीव त्या शब्दात आहे.

२

यानंतर त्रेसष्ट वर्षांनी त्याच वसईत निराळाच प्रसंग घडला. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी पुण्याजवळ हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरे बाजीराव पुणे सोडून कोकणात उतरले आणि इंग्रजी जहाजातून वसईला आले. ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्यांनी इंग्रजांशी तह केला. इंग्रजांची तैनाती फौज त्यांनी स्वीकारली आणि तिच्या खर्चासाठी वार्षिक २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख कंपनीला तोडून दिला. मे १८०३ मध्ये इंग्रजी फौजेच्या संरक्षणात ते पुण्याला परतले. गादी राहिली, सत्ता गेली.

पुढची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. जून १८१८ मध्ये बाजीराव सर जॉन माल्कम यांच्या स्वाधीन झाले. गादीवरचा हक्क सोडण्याच्या बदल्यात त्यांना सालीना ८ लाख रुपयांचे पेन्शन ठरले आणि त्यांची रवानगी गंगाकाठी ब्रह्मावर्तास, म्हणजे बिठूरला झाली. ही रक्कम फार मोठी आहे असे खुद्द गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज यांना वाटत होते. बाजीराव मात्र चांगले दीर्घायुषी निघाले. जानेवारी १८५१ मध्ये ते वारले तेव्हा पेन्शन सुरू होऊन साडेबत्तीस वर्षे उलटली होती. हिशेब केला तर कंपनीने त्यांना सुमारे २ कोटी ६० लाख रुपये दिले.

आता या आकड्याशेजारी वसईच्या तहातला आकडा ठेवून पाहावा. सालीना २६ लाखांचा मुलूख म्हणजे दहा वर्षांत २ कोटी ६० लाख. बाजीरावांना बत्तीस वर्षांत जे मिळाले ते वसईत तोडून दिलेल्या मुलखाचे केवळ दहा वर्षांचे उत्पन्न होते. आणि १८१८ नंतर तर सारे राज्यच कंपनीच्या हाती गेले होते. म्हणजे कंपनी उदारपणे देत होती ते पेशव्यांच्याच मुलखातून येत होते. तरीही कागदोपत्री ते 'देणे' ठरले आणि बाजीराव 'घेणारे' ठरले.

बाजीरावांच्या मृत्यूनंतर दत्तकपुत्र नानासाहेबांनी हे पेन्शन पुढे चालावे अशी मागणी केली. डलहौसी यांच्या सरकारने ती नाकारली. पेन्शन बाजीरावांच्या हयातीपुरते होते, ते वंशपरंपरागत नव्हते, आणि मागे राहिलेली मालमत्ता कुटुंबाला पुरेशी आहे, असा युक्तिवाद करण्यात आला. नानासाहेबांनी अझीमुल्लाखान यांना लंडनला पाठवले. तेथेही निराशाच पदरी पडली. १८५७ च्या उठावाची कारणे अनेक आहेत. पेन्शन हे त्यांतले एकमेव कारण नव्हे. पण या प्रकरणाने एक गोष्ट स्पष्ट केली. जे कृपा म्हणून दिले जाते ते देणाऱ्याच्या मर्जीने थांबतेही. आणि शब्दांचा अर्थ लावण्याचा अधिकारही देणाऱ्याकडेच राहतो.

पुढे १८७१ च्या पेन्शन कायद्याने हीच वृत्ती कलमबद्ध केली. सरकारने किंवा आधीच्या राजवटीने दिलेल्या पेन्शनबद्दल जिल्हाधिकाऱ्याच्या दाखल्याशिवाय दिवाणी न्यायालयात दावाच लावता येणार नाही, असे त्यात ठरले. सरकारविरुद्ध दाद मागायची तर आधी सरकारचीच परवानगी घ्यायची.

३

मराठी मध्यमवर्गाच्या जीवनात मात्र पेन्शन या शब्दाला हळूहळू एक वेगळी ऊब आली. 'पेन्शनीत निघणे' हा वाक्प्रचार झाला. पुणे हे पेन्शनरांचे गाव म्हणून ओळखले जाऊ लागले. सरकारी नोकरी म्हणजे पगार नव्हे, तर पगारानंतरची निश्चिंती, ही समजूत घराघरांत रुजली. शुद्ध मराठीत 'निवृत्तिवेतन' हा शब्द आला. या शब्दाकडे साहित्याच्या विद्यार्थ्यांनी थोडे थांबून पाहावे. निवृत्ती म्हणजे प्रवृत्तीतून मागे फिरणे. आपल्या परंपरेत तिला अध्यात्माचा स्पर्श आहे. वेतन म्हणजे कामाचे दाम. काम थांबल्यावरही कामाचे दाम मिळावे, हा विचार या सामासिक शब्दात आहे. 'पेन्शन'मध्ये दात्याचा हात दिसतो. 'निवृत्तिवेतना'त घेणाऱ्याचे श्रम दिसतात.

न्यायालयाला या अर्थापर्यंत येण्यास १९८२ साल उजाडावे लागले. १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने डी. एस. नाकरा खटल्याचा निकाल दिला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड पीठाचे अध्यक्ष होते. १९७९ मध्ये निवृत्तिवेतनाचे सुधारित सूत्र आले, पण त्याचा लाभ ३१ मार्च १९७९ रोजी किंवा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांनाच देण्यात आला होता. एका तारखेने एकाच वर्गातल्या माणसांचे दोन वर्ग केले होते. न्यायालयाने ही विभागणी रद्द ठरवली आणि निवृत्तिवेतन ही मालकाची मेहेरबानी नसून पूर्वी केलेल्या सेवेचे देणे आहे, असे स्पष्ट केले. बिठूरच्या पेन्शनला मिळालेले हे एकशे तीस वर्षांनंतरचे उत्तर होय. १७ डिसेंबर हा दिवस आजही पेन्शनर दिन म्हणून पाळला जातो.

पण तारीख पुन्हा परतली. केंद्र सरकारने १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून नव्याने सेवेत येणाऱ्यांसाठी अंशदानाची योजना आणली. जुन्या पद्धतीत शेवटच्या पगाराशी जोडलेले निवृत्तिवेतन होते, महागाई भत्ता होता. नव्या पद्धतीत कर्मचाऱ्याच्या पगारातून १० टक्के कापले जातात, सरकारही आपला हिस्सा घालते, रक्कम बाजारात गुंतवली जाते आणि शेवटी जे साचेल त्यावर वार्धक्य अवलंबून राहते. निवृत्तिवेतन कृपेपासून हक्कापर्यंत आले होते. आता ते एक खाते झाले.

शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको. एकाच शिक्षककक्षात शेजारी बसणाऱ्या दोघांपैकी एकाची नेमणूक ऑक्टोबर २००५ ची आणि दुसऱ्याची डिसेंबरची असेल, तर दोघांचे म्हातारपण वेगळे आहे. ज्यांची शाळा त्या तारखेला अंशतः अनुदानित होती त्यांची तर आणखी वेगळी व्यथा. १४ ते २० मार्च २०२३ या आठवड्यात राज्यातील कर्मचारी-शिक्षक संपावर गेले तेव्हा 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ही घोषणा सर्वत्र दुमदुमली. त्यानंतर ज्यांच्या भरतीची जाहिरात त्या तारखेपूर्वीची, पण नेमणूक नंतरची, अशा सुमारे २६ हजारांना जानेवारी २०२४ मध्ये जुन्या योजनेचा पर्याय देण्याचे राज्य मंत्रिमंडळाने ठरवले. केंद्रानेही १ एप्रिल २०२५ पासून एकीकृत निवृत्तिवेतन योजना आणली. तीत २५ वर्षांच्या सेवेनंतर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्या रकमेची हमी आहे. निव्वळ बाजारावर वार्धक्य सोपवता येत नाही, याची ही एक प्रकारे कबुलीच आहे.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. बाजीराव साडेबत्तीस वर्षे जगले तेव्हा कंपनीच्या कारभाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. आज सामान्य कर्मचारीही निवृत्तीनंतर वीस-पंचवीस वर्षे जगतो, आणि ती आनंदाची गोष्ट आहे. पण त्याचा खर्च आज कमावणाऱ्यांच्या करांतून होतो, आणि कर भरणाऱ्यांतल्या बहुसंख्यांना स्वतःला कसलेही निवृत्तिवेतन नाही. जुन्या पेन्शनची मागणी न्याय्य असली तरी ती संपूर्ण न्यायाची मागणी नाही. ही गोष्ट विरारच्या दिशेने जाणाऱ्या संध्याकाळच्या लोकलमध्ये उभे राहिले की लगेच समजते.

४

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्याच वर्षाच्या अखेरीस नाकरा निकाल लागला, हा योगायोग विचार करण्याजोगा आहे. दिल्लीत निवृत्तिवेतन हक्क ठरत होते. गिरणगावात तो हक्क ज्या नोकरीला चिकटून असतो ती नोकरीच निसटत होती. पुढच्या काळात गिरणगावातली अनेक कुटुंबे नालासोपारा-विरारकडे सरकली.

या कामगारांसाठी भविष्य निर्वाह निधी होता. त्याचा कायदा १९५२ चा. १९७१ मध्ये कुटुंब-निवृत्तिवेतनाची योजना आली, पण ती कामगाराच्या मृत्यूनंतर त्याच्या घरच्यांसाठी होती. स्वतः कामगाराला मासिक निवृत्तिवेतन देणारी योजना १६ नोव्हेंबर १९९५ रोजी आली. संपात नोकरी गेलेल्यांसाठी ती तेरा वर्षे उशिरा आली. त्यांच्या हाती पडली ती एकरकमी फंडाची रक्कम. एकरकमी पैशाचे म्हातारपणी काय होते हे मराठी प्रेक्षकाला १९७० मध्येच 'नटसम्राट'ने दाखवले होते. गणपतराव बेलवलकर सारे काही मुलांना वाटून मोकळे होतात आणि निराधार होतात. गिरणी कामगाराकडे वाटण्यासारखे फार नव्हते. मुलीचे लग्न, मुलासाठी नालासोपाऱ्यात एक खोली, एखादे आजारपण. आणि फंड संपला. दरमहा थोडे थोडे मिळणारे धन आणि एकदम हाती येणारे धन यांत हा फरक आहे. पहिल्यावर घरच्यांनाही एकदम हात टाकता येत नाही.

१९९५ च्या योजनेचे सूत्र साधे आहे. निवृत्तिवेतनासाठी धरलेला पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. सप्टेंबर २०१४ मध्ये या पगाराची कमाल मर्यादा १५,००० रुपये करण्यात आली. तिच्या हिशेबाने ३५ वर्षे राबलेल्याला महिना ७,५०० रुपये बसतात. त्याच महिन्यापासून किमान निवृत्तिवेतन १,००० रुपये करण्यात आले. याला महागाई भत्ता नाही. आणि किमान १० वर्षांची सेवा नसेल तर मासिक निवृत्तिवेतनच नाही. वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे या भागांत छोट्या कारखान्यांचे गाळेच गाळे आहेत. फंडाचा कायदा सर्वसाधारणपणे वीस किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेला लागू होतो. ज्या गाळ्यात बाराच माणसे आहेत, किंवा जेथे दर दोन वर्षांनी ठेकेदार बदलतो, तेथे माणूस चाळीस वर्षे राबूनही कागदावर कधी राबलेलाच नसतो.

अशांसाठी २०१५ मध्ये अटल पेन्शन योजना आली. अठराव्या वर्षी सुरुवात करून दरमहा २१० रुपये भरले तर साठीनंतर ५,००० रुपये मिळण्याची हमी आहे. हेतू चांगला आहे. पण बेचाळीस वर्षे महागाई वर्षाला ६ टक्क्यांनी वाढत गेली असे धरले, तर त्या ५,००० रुपयांची किंमत आजच्या सुमारे ४३० रुपयांइतकी उरते. तोलून दिलेल्या धनाचे वजन ते हातात पडेपर्यंत असे झडून गेलेले असते.

५

राहिले ते ज्यांना मालकच नव्हता. वसईच्या पाचूबंदरात आणि अर्नाळ्यात मासे सुकवणाऱ्या कोळिणी, केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या शिंपणारे शेतकरी, मिठागरांत राबलेले मजूर, वीटभट्टीवरचे आदिवासी. वाडीवाल्याचे निवृत्तिवेतन म्हणजे त्याची वाडी. १९१८ मध्ये, पेशवाई बुडाल्याला बरोबर शंभर वर्षे होत असताना, येथे बसीन कॅथॉलिक सहकारी बँक उभी राहिली. लहान माणसाने आपल्या अडीअडचणीची तरतूद आपणच एकत्र येऊन करावी, हा सहकारामागचा विचार होता. पुढे वाड्यांवर इमारती आल्या. ज्यांनी जमीन विकली त्यांच्याकडे एकरकमी पैसा आला, आणि एकरकमी पैशाची गोष्ट आपण वर पाहिलीच. ज्यांच्याकडे वाडीही नव्हती त्यांच्यासाठी उरली ती मुले, आणि सरकार.

सरकारची योजना आहे. तिचे नाव 'श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना'. निवृत्तिवेतन हा शब्द येथे पुन्हा भेटतो, पण त्याच्या शेजारी श्रावणबाळ आहे. आंधळ्या मायबापांना कावडीत घालून तीर्थयात्रेला नेणाऱ्या मुलाचे हे नाव राज्याने स्वतःला घेतले आहे. या कावडीची रक्कम २०२३ मध्ये १,००० वरून १,५०० रुपये करण्यात आली. केंद्राचा वाटा पाहिला तर साठ ते एकोणऐंशी वयाच्या दारिद्र्यरेषेखालील वृद्धासाठी तो २००७ मध्ये ठरलेले २०० रुपयेच आहे. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा दीर्घकाळ २१,००० रुपये होती. म्हणजे ज्या घरात कोणी महिना दोन हजारही कमावतो तेथील वृद्धाला आपण निराधार असल्याचे सिद्ध करणे अवघड. येथे केलेल्या कामाचा प्रश्नच विचारला जात नाही. विचारले जाते ते दारिद्र्य. चाळीस वर्षे पहाटे टोपली घेऊन लोकलच्या लगेज डब्यात चढलेल्या बाईला आपण श्रमलो हे सांगण्याची संधीच मिळत नाही. आपल्याला कोणी नाही, एवढेच सांगावे लागते.

२०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसे १० कोटींहून अधिक होती. तेव्हापासून ही संख्या वाढतच आहे. त्याच जनगणनेत वसई-विरार महानगरपालिकेची लोकसंख्या १२ लाखांवर होती, आणि त्यांतली तेव्हाची तरुण कुटुंबे आता साठीकडे चालली आहेत. पैसा कोठून आणायचा, अंशदान किती, हमी किती, हे प्रश्न अर्थतज्ज्ञांचे आहेत आणि ते सोपे नाहीत. पण त्यांच्याआधीचा एक प्रश्न शब्दांचा आहे, म्हणून तो आपलाही आहे. आपण वृद्धाला जे देतो त्याला काय म्हणायचे? अनुदान म्हटले की मागणारा दिसतो. पेन्शन म्हटले की मालक लागतो. खाते म्हटले की साठवण्याइतका पगार लागतो. ज्याच्याजवळ मालकही नव्हता आणि पगारही नव्हता, पण ज्याच्या श्रमावर हे शहर दररोज जेवले, त्याच्या देण्याला आपल्या भाषेत अजून नाव नाही.

बालपरवेशी या शब्दात ते नाव अर्धे सापडते. त्या शब्दाने मागे राहिलेल्यांकडून निराधारपणाचा दाखला मागितला नाही. त्यांचा माणूस राज्यासाठी गेला, एवढे त्याला पुरेसे होते. लढाईत पडणाऱ्याला अठराव्या शतकात जे मान्य केले गेले, ते रोज राबून झिजणाऱ्याला एकविसाव्या शतकात मान्य करायचे आहे.

त्या दिवशी बँकेतून बाहेर पडताना त्या बाई पायरीवर बसून आपल्या बोटांकडे पाहत होत्या. भांडी घासून, मासे सोलून, पाणी शेंदून त्यांच्या बोटांवरच्या रेषा पुसून गेल्या होत्या. यंत्राला ठसा मिळाला नाही याचे कारण त्यांनी आयुष्यभर केलेले कामच होते. वडील त्यांना म्हणाले, "झालं ना काम?" त्या म्हणाल्या, "झालं. पण पुढच्या वर्षी पुन्हा यायचं आहेच." आणि पदर सावरून त्या रिक्षाच्या रांगेकडे गेल्या.